एक जंतू आणि पांच दप्तरें

बोईसरच्या एखाद्या कारखान्यांत काम करणाऱ्या मजुरास ताप येतो. पहिले दोन दिवस तो अंगावर काढतो. तिसऱ्या दिवशीं नाक्यावरील औषधांच्या दुकानांतून चार गोळ्या आणतो. ताप उतरत नाहीं तेव्हां डॉक्टरकडे जातो. डॉक्टर दुसरें औषध लिहून देतात. तें घेऊनहि आठवडा जातो. आणि शेवटीं घरचे लोक त्यास मुंबईस, नाहीं तर हद्दीपलीकडे वलसाडास किंवा सिल्वासास नेतात. तेथें त्याचें रक्त तपासलें जातें, जंतू सांपडतो, आणि तो जंतू कोणत्या औषधास दाद देतो व कोणत्या औषधास देत नाहीं हें अखेर कळतें. एवढ्या प्रवासांत या एका तापाची नोंद निदान चार ठिकाणीं झालेली असते: दुकानदाराच्या वहींत, डॉक्टरच्या कागदांत, रुग्णालयाच्या औषधभांडारांत आणि प्रयोगशाळेच्या पुस्तकांत. मात्र या चार नोंदींची आपसांत कधींच गांठ पडत नाहीं. मजुराच्या शेजारच्या खोलींतील माणसास पुढील आठवड्यांत तोच ताप आला, तर त्याच्या डॉक्टरास पुन्हां पहिल्या गोळीपासूनच आरंभ करावा लागतो.

प्रतिजैविकांस न जुमानणाऱ्या जंतूंवर पाळत ठेवावयाची तर त्यासाठीं मोठमोठ्या प्रयोगशाळा आणि अगदीं नवी यंत्रणा उभारावी लागेल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रयोगशाळा हव्यातच, यांत शंका नाहीं. परंतु लागणाऱ्या माहितीपैकीं पुष्कळशी माहिती आजहि रोजच्या रोज लिहिली जात आहे. ती निरनिराळ्या खात्यांच्या दप्तरांत, निरनिराळ्या हेतूंनीं लिहिलेली आहे, आणि एका दप्तराचा कारकून दुसऱ्या दप्तराच्या कारकुनास ओळखत नाहीं, एवढीच काय ती अडचण. ही दप्तरें एकत्र कशीं आणतां येतात, तीं एकत्र आणल्यानें काय दिसूं लागतें, आणि त्यांत फसगत कोठें होते, हें पालघर जिल्ह्याच्या, विशेषतः बोईसर-तारापूरच्या, उदाहरणावरून चांगलें समजतें.

प्रथम जंतूंविषयीं थोडेंसें. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं ११ डिसेंबर १९४५ रोजीं नोबेल पारितोषिकाच्या निमित्तानें जें व्याख्यान दिलें, त्यांतच त्यांनीं धोक्याची सूचना दिली होती कीं, औषध अपुऱ्या मात्रेंत घेतलें तर जंतू मरत नाहींत. उलट त्या औषधास तोंड देण्यास ते शिकतात. पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली ती १९५४ सालीं. म्हणजे औषध या देशांत मुबलक होण्यापूर्वींच त्याच्या दुरुपयोगाचा इशारा देऊन झाला होता. ‘शिकतात’ हा शब्द अर्थातच लाक्षणिक आहे. कोट्यवधि जंतूंमध्यें एखाददुसरा जंतू आनुवंशिक गुणांत झालेल्या आकस्मिक फरकामुळें औषधास पुरून उरतो. दुबळे मरतात, चिवट राहतात, आणि पुढची सारी संतति त्या चिवट जंतूंची निपजते. याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, हा चिवटपणा जंतू एकमेकांस देऊंहि शकतात, आणि तोहि पुष्कळदां परक्या जातीच्या जंतूस! प्लास्मिड नांवाचें आनुवंशिक द्रव्याचें एक लहानसें कडें एका जंतूंतून दुसऱ्यांत जातें आणि त्याबरोबर औषध निकामी करण्याची कलाहि जाते. म्हणूनच माणसाच्या आंतड्यांतील, गटारांतील आणि खाडीच्या चिखलांतील जंतू हीं तीन वेगळीं प्रकरणें समजून चालत नाहीं.

आतां स्थळाविषयीं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यापासून वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा असे त्याचे आठ तालुके. एका टोकास वसई-विरारची महानगरपालिका आणि दुसऱ्या टोकास मोखाड्याचे डोंगरपाडे, अशी या जिल्ह्याची चमत्कारिक घडण आहे. ज्या श्रोत्यांनीं तारापूरचें नांव केवळ १९६९ सालीं सुरू झालेल्या अणुवीजकेंद्रामुळें ऐकलें असेल, त्यांस हें सांगितलें पाहिजे कीं प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्व आहे तें तेथील औद्योगिक वसाहतीचें. रसायनें, कापड, पोलाद यांच्या जोडीस औषधांचा मूळ माल तयार करणारे कारखाने येथें आहेत, आणि त्या मालांत प्रतिजैविकेंहि येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण-निर्देशांक काढला, त्यांत तारापूरास ९३.६९ गुण मिळून पहिला क्रमांक आला. या परीक्षेंत पहिलें येणें कोणासहि भूषणावह नव्हे. वसाहतीचें प्रक्रिया केलेलें सांडपाणी नवापूरजवळ समुद्रांत सोडलें जातें. आणि मासेमारीवर पोट असलेल्या किनाऱ्यावरील लोकांच्या वतीनें अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, हें वृत्तपत्रांच्या वाचकांस ठाऊक आहेच.

सांडपाण्याचा आणि जंतूंच्या चिवटपणाचा संबंध कसा पोहोंचतो, याचें सर्वांत ठळक उदाहरण तेलंगणांतील पाटणचेरूचें आहे. तेथील औषधकारखान्यांच्या सामायिक शुद्धिकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन हें प्रतिजैविक लिटरमागें ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचें स्वीडनच्या संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलें. औषध घेत असलेल्या रोग्याच्या रक्तांत तें जेवढें असतें, त्याच्या कितीतरी पट हें प्रमाण होतें. पाटणचेरूचा आंकडा उचलून तारापूरास चिकटवणें हा अन्याय होईल. प्रत्येक ठिकाणचें पाणी त्या त्या ठिकाणींच मोजलें पाहिजे. परंतु मोजावयाचें काय, हाच येथें वादाचा मुद्दा झाला. जानेवारी २०२० मध्यें केंद्र सरकारनें सांडपाण्यांतील १२१ प्रतिजैविकांच्या अंशांस मर्यादा घालणारा नियमांचा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ मध्यें अंतिम नियम प्रसिद्ध झाले तेव्हां ती यादी त्यांतून वगळलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाण्याविषयीं मार्गदर्शक तत्त्वें सप्टेंबर २०२४ मध्यें दिलीं. तथापि तीं मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहींत. त्यामुळें पाण्याचा नमुना घेणारा अधिकारी आम्लता मोजतो, प्राणवायूची मागणी मोजतो, अमोनिया मोजतो. ज्या द्रव्यासाठीं या विषयाच्या अभ्यासकानें तें दप्तर उघडावें, त्या द्रव्याचा रकाना भरण्याची सक्ति त्याच्यावर नाहीं. पांच दप्तरांपैकीं हें एक दप्तर झालें. इतर चार याहून अधिक बोलकीं आहेत.

सर्वांत मोलाचें दप्तर प्रयोगशाळेचें. रोग्याचें रक्त, लघवी किंवा जखमेंतील पू घेऊन त्यांतील जंतूंची बशींत पैदास करतात. यासच डॉक्टर लोक कल्चर म्हणतात. त्या बशींत निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवल्या म्हणजे जें औषध लागू पडतें त्याच्या टिकलीभोंवतीं स्वच्छ वर्तुळ दिसतें. जें पडत नाहीं त्याच्या टिकलीस जंतू खेटून उगवतात. वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्यें मोजून तक्त्याशीं ताडतात, आणि ‘दाद देतो’, ‘मध्यम’ किंवा ‘दाद देत नाहीं’ असा शेरा मारतात. येथेंच पहिली मेख आहे. हा तक्ता कायमचा नसतो; ज्ञान वाढतें तसा तो बदलतो. टायफॉइडच्या जंतूसाठीं सिप्रोफ्लॉक्सासिनचा अमेरिकन तक्ता २०१२ सालीं अधिक कडक करण्यांत आला. तेव्हां ज्या प्रयोगशाळेनें नुसता शेरा लिहून ठेवला, तिचे २०११ चे आणि २०१३ चे शेरे एका ओळींत मांडले तर जंतू एकाएकीं बिघडल्याचा भास होईल. बिघडला नव्हे, केवळ परीक्षक कडक झाला! ज्या प्रयोगशाळेनें मिलिमीटर लिहून ठेवले, तिच्या जुन्या नोंदी नव्या तक्त्यानें पुन्हां तपासतां येतात. नोंदवहींतील एका लहानशा रकान्यावर दहा वर्षांच्या तुलनेचें भवितव्य कसें अवलंबून असतें, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं.

दुसरी मेख टायफॉइडच्याच बाबतींतली. लहान गांवांत टायफॉइडचें निदान बहुधा विडाल नांवाच्या तपासणीवर होतें. ती स्वस्त आहे, लवकर होते. पण तींत जंतू हातीं लागत नाहीं, लागते ती केवळ त्याच्या येऊन गेल्याची चाहूल, आणि तीहि पुष्कळदां खोटी. ज्या वहींत दोनशें विडाल ‘पॉझिटिव्ह’ लिहिल्या असतील, तींतून कोणतें औषध चालतें याविषयीं एक अक्षरहि निष्पन्न होत नाहीं. वही जाडजूड असणें आणि उपयोगी असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तिसरें दप्तर औषधविक्रेत्याचें. हें बहुतेकांस अपरिचित असतें. औषधांच्या कायद्याखालीं एच-एक नांवाची एक अनुसूची आहे. ती ऑगस्ट २०१३ मध्यें जाहीर होऊन १ मार्च २०१४ पासून अमलांत आली. तिच्या मूळ यादींत ४६ औषधें होतीं. क्षयरोगावरील औषधें, सेफिक्सीम व सेफ्ट्रिअॅक्झोन यांसारखीं वरच्या श्रेणींतील प्रतिजैविकें, तसेंच मेरोपेनेमसारखीं अखेरच्या प्रसंगीं वापरावयाचीं औषधें त्यांत आहेत. यांपैकीं कोणतेंहि औषध विकतांना दुकानदारानें निराळ्या वहींत डॉक्टरचें नांव व पत्ता, रोग्याचें नांव, औषध आणि त्याचें परिमाण लिहावें, आणि ती वही तीन वर्षें ठेवावी, असा नियम आहे. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक दुकानीं येतो तेव्हां ही वही पाहतो. तो पाहतो ती दुकानदारानें नियम पाळला कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं. बोईसरमध्यें या महिन्यांत सेफिक्सीमचा खप गेल्या वर्षाहून किती वाढला, हें विचारणें त्याच्या कामांत येत नाहीं. शिवाय अॅमॉक्सिसिलिन, अॅझिथ्रोमायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हीं घरोघर ठाऊक असलेलीं औषधें त्या मूळ यादींत नव्हतीं. म्हणजे ज्या गोळ्या सर्वांत अधिक खपतात, त्यांची हकीकत या वहींत सांपडत नाहीं. ती घाऊक व्यापाऱ्याच्या बिलांत शोधावी लागते.

चौथें दप्तर सरकारी दवाखान्यांच्या औषधसाठ्याचें. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्ह्याच्या भांडारापर्यंत कोणतें औषध किती आलें आणि किती गेलें, याचा हिशेब ठेवावाच लागतो. तो पैशाचा हिशेब असल्यामुळें पुष्कळदां रोगांच्या हिशेबापेक्षां अधिक काटेकोर असतो. मात्र गोळ्यांची संख्या मोजून भागत नाहीं. अॅमॉक्सिसिलिनची प्रौढ माणसाची एका दिवसाची प्रमाण-मात्रा १.५ ग्रॅम धरतात, तर अॅझिथ्रोमायसिनची अवघी ०.३ ग्रॅम. तेव्हां ५०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या पहिल्या औषधाच्या असतील तर एक दिवस निभतो, दुसऱ्याच्या असतील तर पांच. जागतिक आरोग्य संघटनेनें ठरवून दिलेल्या या दैनिक मात्रांत सर्व साठा बदलून घेतला, कीं जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयाचा, डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयाचा आणि एखाद्या आरोग्य केंद्राचा खप एकाच मापानें मोजतां येतो.

पांचवें दप्तर क्षयरोगाचें, आणि तें या सर्वांत पुढारलेलें आहे. डिसेंबर २०११ मध्यें मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं, तपासलेल्या एकाहि औषधास दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी प्रसिद्धीस आणले आणि देशभर खळबळ उडाली. नांवाविषयीं वाद झाला, पण त्या धक्क्याचा उपयोगहि झाला. मे २०१२ मध्यें प्रत्येक क्षयरोग्याची खबर सरकारास देणें खाजगी डॉक्टरांवरहि बंधनकारक झालें, आणि त्याच वर्षीं निक्षय ही संगणकावरील नोंदप्रणाली सुरू झाली. थुंकीची जी नवी तपासणी आली तींत दोन तासांत क्षयाचा जंतू आहे कीं नाहीं हें तर कळतेंच, शिवाय रिफॅम्पिसिन हें मुख्य औषध चालेल कीं नाहीं हेंहि त्याच वेळीं कळतें. रोग्यास एक क्रमांक मिळतो. तो मोखाड्याहून मुंबईस गेला तरी क्रमांक त्याच्याबरोबर जातो. तात्पर्य, एका रोगाच्या बाबतींत तरी जंतू, औषध आणि गांव हीं तिन्ही एका ओळींत लिहिलीं जात आहेत. न्यूमोनिया, टायफॉइड किंवा लघवीचा जंतुदोष यांच्या वांट्यास हें भाग्य अद्याप आलेलें नाहीं.

विखुरलेलीं दप्तरें जोडून ज्ञान मिळविण्याची कल्पना नवी नव्हे. १८५४ च्या कॉलऱ्यांत लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनीं दोन जुन्याच याद्या एकमेकींशेजारीं ठेवल्या: एक मृत्यूंची, दुसरी पाणी पुरविणाऱ्या कंपन्यांच्या घरांची. दर दहा हजार घरांमागें एका कंपनीच्या गिऱ्हाइकांत ३१५ मृत्यू, दुसरीच्या गिऱ्हाइकांत ३७. पहिली कंपनी लंडनच्या मैल्यानें दूषित झालेलें थेम्सचें पाणी देत होती. दुसरीनें आपली पाणी घेण्याची जागा वरच्या अंगास हलविली होती. कॉलऱ्याचा जंतू तोंपर्यंत शास्त्रमान्य व्हावयाचा होता. पण दोषी पाणी कोणतें, हें दोन याद्यांनीं सांगितलें. आपल्या देशांतील अलीकडील उदाहरणहि तितकेंच बोधप्रद आहे. २०१६ सालीं कांहीं संशोधकांनीं क्षयरोगावरील औषधांच्या खाजगी विक्रीचे व्यापारी आंकडे घेतले आणि त्यांवरून उलट गणित करून पाहिलें. २०१४ मध्यें खाजगी दवाखान्यांत सुमारें २२ लक्ष क्षयरोगी उपचार घेत असावेत, म्हणजे पूर्वीच्या समजुतीच्या दुप्पट-तिप्पट, असा निष्कर्ष निघाला. एकाहि रोग्याची नव्यानें तपासणी करावी लागली नाहीं. डेन्मार्कनें तर १९९५ पासून माणसांस दिलेलीं प्रतिजैविकें, जनावरांस दिलेलीं प्रतिजैविकें आणि दोघांत सांपडलेले चिवट जंतू यांचा एकत्र वार्षिक ताळेबंद मांडण्याचा परिपाठ ठेवला आहे. आणि जगांत २०१९ सालीं या चिवट जंतूंमुळें थेट १२ लक्ष ७० हजार माणसें दगावलीं, हा जो अंदाज २०२२ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला, तोहि २०४ देश व प्रदेशांसाठीं ४७ कोटींहून अधिक जुन्या नोंदी गोळा करूनच काढलेला होता.

मग पालघरांत हें करावयास हरकत कोणती? हरकती आहेत, आणि त्या बारकाईनें पाहण्यासारख्या आहेत.

पहिली हरकत संख्येची. एखाद्या जंतूच्या निदान ३० नमुन्यांवांचून त्याविषयीं टक्केवारी सांगूं नये, असा प्रयोगशाळांचा मान्य संकेत आहे. समजा, तीन लहान रुग्णालयांत वर्षाकाठीं टायफॉइडचे बारा-बारा जंतू सांपडले. एकाहि रुग्णालयास आपल्यापुरतें बोलतां येणार नाहीं. तिघांनीं वह्या एकत्र केल्या तर ३६ झाले, आणि जिल्ह्यास बोलण्याचा अधिकार प्राप्त झाला. एकत्रीकरणाचा सर्वांत साधा आणि सर्वांत मोठा लाभ हाच. परंतु त्याच वेळीं दुसरा संकेत पाळावा लागतो: एका रोग्याचा पहिलाच जंतू मोजावयाचा. अतिदक्षता विभागांत पडलेल्या रोग्याचें रक्त आठवड्यांत चार वेळां तपासलें जातें. तेवढ्यानें तो चार रोगी होत नाहीं. तोच रोगी बोईसरच्या खाजगी प्रयोगशाळेंतून सिल्वासास गेला, तेथें त्याचें आडनांव निराळें लिहिलें गेलें, वलसाडास तें गुजरातींतून इंग्रजींत उतरलें, तर ही दुहेरी मोजणी ओळखणार कशी? नांव, वय, गांव आणि तारीख यांवरून जुळणी करण्याच्या रीति आहेत. त्या चुका कमी करतात, नाहींशा करीत नाहींत.

दुसरी हरकत गांवांच्या नांवांची. ही वरवर क्षुल्लक वाटते. १ ऑगस्ट २०१४ पूर्वींच्या प्रत्येक नोंदींत पालघर, डहाणू, जव्हार यांचा जिल्हा ‘ठाणें’ असा आहे. जुन्या सवयीनें तसेंच लिहिणारे त्यानंतरहि असणारच. ज्यानें संगणकास नुसतें ‘पालघर’ हें नांव शोधावयास सांगितलें, त्यास या जिल्ह्यांत २०१४ च्या मध्यावर अकस्मात् रोग उपजल्याचा साक्षात्कार होईल! शिवाय ‘पालघर’ म्हणजे शहर, तालुका कीं जिल्हा, हें मुंबईच्या कारकुनानें स्पष्ट केलेलें नसतें. गांवास नांवाऐवजीं जनगणनेचा क्रमांक दिला कीं हा घोटाळा मिटतो. पण तो क्रमांक लिहावयाचा कोणी, हा प्रश्न शेवटीं आरोग्य केंद्रांतील ज्या परिचारिकेपुढें आधींच दहा रजिस्टरें पडलेलीं आहेत, तिच्याच टेबलावर येतो.

तिसरी हरकत खरी शास्त्रीय आहे, आणि येथें पुष्कळ विद्वान् अहवालहि घसरतात. कल्चरसाठीं रक्त केव्हां पाठवितात? बहुधा दोन औषधें फसल्यानंतर. ज्यांचा ताप पहिल्याच गोळीनें उतरला ते प्रयोगशाळेच्या वहींत येतच नाहींत. म्हणून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत शंभरांपैकीं सत्तर जंतू एखाद्या औषधास जुमानीत नाहींत असें दिसलें, तरी विक्रमगडच्या पाड्यांवरील शंभर तापकऱ्यांत तसेंच असेल असें मुळींच ठरत नाहीं. देशांतील मोठीं जाळीं, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचें २०१३ पासूनचें आणि राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचें, मुख्यतः मोठ्या रुग्णालयांवर आणि वैद्यकीय महाविद्यालयांवर उभारलेलीं आहेत. त्यांचे आंकडे मोलाचे आहेत. पण मोखाड्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानें ते डोळे मिटून उचलले, तर साध्या औषधानें बरें होणाऱ्या पोरासहि तो वरच्या श्रेणीचें औषध देईल, आणि जी आपत्ति टाळावयाची तीच ओढवून घेईल. याच्या उलटहि होतें. बोईसरसारख्या ठिकाणीं, जेथें परप्रांतींचा मजूर दाटीच्या खोल्यांतून राहतो आणि औषध दुकानांतूनच घेतो, तेथें जुन्या गोळीवर भरंवसा ठेवल्यानें पहिले पांच दिवस फुकट जातील. अर्भकाच्या रक्तांत जंतू शिरलेला असेल तर पांच दिवस हा फार मोठा काळ आहे.

यावर उपाय दप्तरें जोडण्यांतच आहे. प्रयोगशाळेची वही अंश देते. छेद तिच्याजवळ नसतो. तो आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहींत आणि २००४ पासून चालत आलेल्या रोगसर्वेक्षणाच्या साप्ताहिक तक्त्यांत असतो: या आठवड्यांत तापाचे किती रोगी आले, त्यांपैकीं किती संशयित टायफॉइडचे, किती जणांचें रक्त पुढें गेलें. हीं तीन पानें एकत्र ठेवल्याखेरीज ‘शंभरांपैकीं सत्तर’ या शब्दांतील शंभर कोण, हें कळत नाहीं. त्याशेजारीं दुकानांतील खपाचें पान ठेवलें तर आणखी एक गोष्ट दिसूं शकते. तापाची संख्या तेवढीच असतां सेफिक्सीमचा खप वाढला, तर एक तर औषध उधळलें जात आहे किंवा पहिलें औषध चालेनासें झालें आहे. दोहोंपैकीं कोणतें, हें खपाचें पान सांगणार नाहीं. पण प्रयोगशाळेनें कोणत्या आठवड्यांत कोणत्या गांवाकडे अधिक लक्ष द्यावें, हें तें सांगेल.

नकाशाचा उपयोग किती होतो, हें सिंधमधील हैदराबादनें दाखविलें. तेथें २०१६ च्या अखेरीस सेफ्ट्रिअॅक्झोनलाहि दाद न देणारा टायफॉइड उपटला. प्रयोगशाळेंतील जंतूंच्या नोंदींस रोग्यांचे पत्ते जोडून शहराच्या नकाशावर मांडतांच रोगी गटारांच्या वाहिन्यांभोंवतीं दाटलेले आढळले. पुढें त्या देशानें टायफॉइडची नवी लस नोव्हेंबर २०१९ मध्यें आपल्या नित्याच्या लसीकरणांत घेतली. असें करणारा तो पहिला देश. इकडे, पालघरपासून फार दूर नव्हे अशा नवी मुंबईच्या महानगरपालिकेनें २०१८ सालींच ती लस मुलांस टोंचण्याची मोहीम हातीं घेतली होती. लस कोठें आधीं द्यावी हा खर्चाचा प्रश्न असतो, आणि जंतूंचा नकाशा हातीं असल्यावांचून त्याचें उत्तर अंदाजानेंच द्यावें लागतें.

शेवटची हरकत भीतीची, आणि ती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. नांवें काढून टाकलीं म्हणजे गुप्तता राहिली असें शहरांत म्हणतां येईल. वीस घरांच्या पाड्यांतील ‘स्त्री, वय ३४, क्षय, औषधास दाद नाहीं’ ही बिननांवाची ओळ वाचतांच सारा पाडा ती स्त्री ओळखतो. म्हणून बाहेर पडणाऱ्या तक्त्यांत लहान पाडे एकत्र करून मोठा गट दाखवावा लागतो, आणि मूळ नोंदी मोजक्याच जबाबदार माणसांच्या हातीं ठेवाव्या लागतात. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाहि त्याच दिशेनें बोलतो. दुकानदाराची भीती निराळी: वही आरोग्यखात्यास दिली तर उद्यां परवाना जाईल. कारखानदाराची आणखी निराळी. जें दप्तर दंडासाठीं वापरलें जातें, तें हळूंहळूं खोटें लिहिलें जाऊं लागतें, हा सर्व खात्यांचा जुना अनुभव आहे. यास्तव पाळत ठेवणारा हात आणि शिक्षा करणारा हात निदान या एका कामापुरते वेगळे ठेवणें शहाणपणाचें. हें मत सर्वांस पटेलच असें नाहीं. सांडपाण्याच्या काठीं राहणाऱ्या नवापूरच्या कोळ्यास तर तें कदाचित् चीड आणील, आणि त्याच्या चिडीसहि कारण आहे.

साधनांची वाण मात्र नाहीं. प्रयोगशाळांच्या नोंदी एका सांच्यांत बसविणारी व्हूनेट ही संगणकप्रणाली बॉस्टन येथील तज्ज्ञांनीं १९८९ पासून वाढवीत आणली असून ती फुकट मिळते. केरळ राज्यानें २०१८ सालीं आपली स्वतंत्र योजना आंखली आणि पुढें राज्याचा असा तक्ता प्रसिद्ध केला, कीं ज्यांत कोणता जंतू कोणत्या औषधास शेंकडा किती दाद देतो हें डॉक्टरास एका दृष्टिक्षेपांत दिसावें. यास अँटिबायोग्राम म्हणतात. पालघर जिल्ह्यास लागेल तो तक्ता याहून लहान: किनारपट्टी व औद्योगिक पट्टा, वसई-विरारची नागरी वस्ती, आणि जव्हार-मोखाड्याचा डोंगरी भाग असे तीन स्तंभ, टायफॉइड, लघवीचा जंतुदोष, नवजात अर्भकांचा रक्तदोष आणि क्षय अशा चार ओळी. तिन्ही स्तंभ निराळे ठेवलेच पाहिजेत, नाहीं तर वसई-विरारच्या गर्दींत मोखाडा बुडून जाईल आणि सरासरी कोणाच्याच उपयोगीं पडणार नाहीं. सिल्वासा, वलसाड, नाशिक आणि मुंबई येथें गेलेल्या रोग्यांच्या नोंदी त्यांच्या गांवाच्या स्तंभांत परत आणाव्या लागतील. त्यासाठीं दोन राज्यें आणि एक केंद्रशासित प्रदेश यांच्यांत पत्रव्यवहार होणें प्राप्त आहे.

दुकानांतील एच-एकची वही तीन वर्षें ठेवण्याचें बंधन आहे, हें वर सांगितलेंच. जिल्हा निर्माण झाला त्या २०१४ सालीं लिहिलेल्या पहिल्या वह्या जपण्याचें कायदेशीर कारण २०१७ अखेर संपलें. त्यांपैकीं ज्या रद्दींत गेल्या, त्यांतील आंकडे आतां कोणाहि संशोधकास मिळावयाचे नाहींत. गेल्या तीन वर्षांच्या वह्या मात्र बोईसरच्या, पालघरच्या आणि डहाणूच्या दुकानांतून अजून ठेवलेल्या असावयास हव्यात.